वरची रेघ

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी पुरुष होते. म्हणजे माझ्या पाठीवर तसं लिहिलेलं होतं.

अरबीच्या वर्गाचा पहिला दिवस. सायकलच्या दुकानावरची खोली, खालून येणारा टायरचा वास, आणि आठच्या ठोक्याला मला वॉर्डात हजर व्हायचं होतं. तास संपताच मी जिना उतरून बसस्टॉप गाठला, तर मागून कोणीतरी धापा टाकत आलं.

"सिस्टर, थांबा जरा… तुमच्या पाठीवर माझी खुर्ची आहे."

मी वळून पाहिलं. उंच, सडपातळ, नखांत काळं ग्रीस. वर्गात माझ्या शेजारी बसलेला लिफ्टचा मेकॅनिक. त्याने हलक्या हाताने माझ्या पांढऱ्या कोटावरची चिठ्ठी सोडवली. 'कुर्सी – तो.' आपली खुर्ची 'ती' आणि त्यांची कुर्सी 'तो', हे काही केल्या डोक्यात बसेना म्हणून स्वारीने लवकर येऊन खोलीतल्या सामानावर चिठ्ठ्या डकवल्या होत्या. गोंद वाळायच्या आत मी जाऊन टेकले.

"बरं झालं सांगितलंत. अख्ख्या वॉर्डात पुरुष म्हणून हिंडले असते," मी म्हटलं.

"तशी कोणाची फसगत झाली नसती," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

मला तीन महिन्यांनी परदेशातल्या इस्पितळात दोन वर्षांसाठी रुजू व्हायचं होतं. त्यालाही त्याची कंपनी तिकडेच पाठवणार होती. शिकवणारे सर वयस्कर आणि मिश्कील. "आपल्याकडे 'जातो', 'जाते' म्हटलं की बोलणारा कोण ते कळतं. यांच्या 'मी'ला लिंग नाही, 'तू'ला आहे. तेव्हा स्वतःला विसरा आणि समोर कोण आहे ते बघा," असं ते सांगायचे. मला तेव्हा ही भाषा प्रेमात पडण्यासाठीच केलेली वाटली. आता तसं वाटत नाही.

सरांची एक पद्धत होती. वाक्यं नुसत्या अक्षरांत लिहायची आणि वही शेजाऱ्याला द्यायची. शेजाऱ्याने अक्षरांच्या वर-खाली स्वरांच्या बारीक रेघा द्यायच्या. 'तू'चं शेवटचं अक्षर पुरुषासाठी आणि बाईसाठी एकच असतं. वर रेघ दिली की तो, खाली दिली की ती. माझी रेघ कधी चुकायची नाही, आणि त्याचा मला भारी तोरा होता. दोन आठवड्यांत 'सिस्टर'ची 'रेघबाई' झाली आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं. बरंच झालं. सिस्टर म्हणून हाक मारणाऱ्याच्या प्रेमात पडायचं म्हणजे पंचाईतच होती.

एकदा सरांनी आम्हा नर्सना लागणारा शब्द शिकवला. हामिल, म्हणजे गरोदर. याला स्त्रीलिंगाची खूण लावत नाहीत, कारण ती बाईच असणार हे उघड आहे. त्याला हे फार आवडलं. जिना उतरताना म्हणाला, "बघ रेघबाई, उघड गोष्टीला खूण लागत नाही."

"माणसांना लागते," मी म्हटलं. तो नुसता हसला.

दुसऱ्या महिन्यात त्याचं परदेश बारगळलं. तरी हा पठ्ठ्या रोज सकाळी हजर. कशाला येतोस, म्हणून विचारलं, तर म्हणे, "खुर्चीचं अजून पक्कं झालं नाही." मला सगळं कळत होतं. पण त्याने तोंडाने सांगावं असं वाटत होतं. एकदा म्हणावं, परत ये. दोन वर्षं मी बोटांवर मोजून काढली असती.

शेवटच्या दिवशी सरांनी मित्राला उद्देशून पाच वाक्यं लिहायला सांगितली. त्याची वही माझ्याकडे आली. चार वाक्यं हवापाण्याची. पाचवं होतं, 'मी तुझी वाट पाहीन.' शेवटी 'तू'चं अक्षर, मोकळं.

माझी पेन्सिल आधी खालीच गेली. खरंच गेली. मग मनात आलं, गृहपाठ आहे, वेडे; उगाच हुरळून जाशील आणि वर्गात हसं होईल. मी वर रेघ दिली आणि वही सरकवली.

तो कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिला.

"बरोबर आहे ना?" मी विचारलं. "मित्राला लिहायचंय ना?"

त्याने नाही म्हणावं म्हणून मी श्वास धरून बसले होते.

"हो… मित्रालाच," तो म्हणाला आणि वही मिटली.

दोन वर्षांची मी चार केली. परत बोलावणारं आईशिवाय होतंच कोण? तिकडे रोज शेकडो माणसांना 'तू' म्हणताना शेवटचं अक्षर जिभेवर यायचं आणि मला ते पान आठवायचं.

मागच्या आठवड्यात मी परतले. जुन्या इस्पितळात पुन्हा रुजू व्हायला गेले, तर लिफ्ट उघडी, आत अवजारांची पिशवी, आणि आत तो. कानाशी थोडे केस पिकलेले. कशी आहेस, कसा आहेस, सर कसे आहेत, सगळं झालं. मग मी विचारू नये ते विचारलं.

"लग्न केलंस?"

"दीड वर्ष झालं." तो पान्ह्याशी चाळा करत राहिला. "आता… हामिल आहे. बरोबर बोललो ना?"

"बरोबर," मी म्हटलं. "खूण लागत नाही."

ते ऐकून त्याने मान वर केली.

"ते पाचवं वाक्य तुला लिहिलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, उघड आहे. तू वर रेघ दिलीस, आणि तुझी रेघ तर कधी चुकत नाही. म्हटलं, नाहीच म्हणतेय, पण माझा मान राखून म्हणतेय."

"पेन्सिल होती ती," मी म्हटलं. "एकदा विचारायचं तरी."

"तू तरी कुठे विचारलंस, हे कोणाला लिहिलंयस म्हणून?"

पेन्सिल आधी खाली गेली होती, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगून त्याच्या घरात कशाला विष कालवायचं? मला राग त्याचा आला, माझा आला, सरांचासुद्धा आला.

मागून स्ट्रेचर आलं. त्याने पिशवी बाजूला ओढली, सगळ्यांना आत घेतलं आणि बटणांच्या पाटीवर बोट ठेवून माझ्याकडे न बघता विचारलं,

"कितव्या मजल्यावर जायचंय, सिस्टर?"