परतीची दोन तिकिटं

मी काही लेखिका नाही. गोष्टी रचायला डोक्यात थोडी रिकामी जागा लागते, आणि माझ्या डोक्यात ती गेली आठ वर्षं नाही. तेव्हा हे रचलेलं नाही, एवढं तरी मानून वाचा.

मी आसावरी. ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहते. घरी मी, माझा नवरा यतीन आणि सासूबाई. मुलगी अनुष्का पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजला शिकते. मी घरूनच आयटीचं काम करते. म्हणजे मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून भाजी फोडणीला टाकते.

आणि हे रात्री-बेरात्री घडलेलं नाही. सगळं दिवसाढवळ्या घडलं. बाहेर शेजाऱ्याचं लॉन कापायचं मशीन चालू असताना.

एप्रिल महिना होता. मंगळवार. दुपारचे दोन.

यतीनची जूनमध्ये स्टॉकहोमला कॉन्फरन्स होती. ते कळल्यापासून आईंनी एकच धोशा लावला होता.

"मला घेऊन चला. मला ते गाव बघायचंय."

ते गाव म्हणजे विस्बी. स्वीडनच्या एका बेटावरचं जुनं, तटबंदीचं गाव. माझे सासरे गुरुनाथ १९७४ साली पुण्याच्या कारखान्यातर्फे सहा महिने स्वीडनला ट्रेनिंगला गेले होते. तेव्हा लग्नाला तीनच महिने झाले होते. विस्बीहून त्यांनी आईंना पोस्टकार्ड पाठवलं होतं. 'पुढच्या वेळी तुला बोटीने इथे आणतो.'

ती पुढची वेळ आलीच नाही. अमेरिका झाली, नोकरी झाली, घर झालं. दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, बाबा गेले.

आई एकोणऐंशी वर्षांच्या. हृदय कसंबसं चालतंय. डॉक्टर म्हणाले होते, न्यायचं तर याच वर्षी न्या, पुढच्या वर्षीचं मी सांगू शकत नाही.

म्हणून मी प्लॅनिंगला बसले. एका दिवसाची ट्रिप. सकाळच्या बोटीने जायचं. तीन तासांचा प्रवास, व्हीलचेअर, गोळ्यांच्या वेळा, बाथरूम कुठे, दगडी रस्त्यांना चढ किती. संध्याकाळी सहाच्या बोटीने परत. असली कामं आमच्या घरात आपोआप माझ्याकडे येतात.

आधी आम्ही चौघं जाणार होतो. ऐनवेळी अनुष्काचा फोन आला.

"मॉम, आय कान्ट. माझी इंटर्नशिप लवकर सुरू होतेय. सॉरी!"

उरलो तिघं. आणि तिथेच माशी शिंकली.

"तिघांनी जायचं नाही," आई म्हणाल्या. "तीन तिगाडा, काम बिघाडा."

तुमच्याही घरी असेल हे. तिघं बाहेर पडायला लागली की चौथी म्हणून एक सुपारी बरोबर घ्यायची. आई साध्या ब्लड टेस्टला जातानाही पर्समध्ये सुपारी टाकायच्या. पण यतीनने आधीच बजावलं होतं, "आई, सुपारी नको हं. एअरपोर्टवर बॅग उघडून बसतील, कुणाकुणाला समजावणार?"

"मग चौथं माणूस आणा," आई म्हणाल्या. ताट सरकवलं आणि खोलीत निघून गेल्या. निम्मी पोळी तशीच होती.

मला अडीचची मीटिंग होती. समोर बोटीच्या बुकिंगचं पान उघडं होतं. खिडकीजवळचं चौघांचं टेबल शिल्लक होतं. चारही जागा घेतल्या तर आईंना पाय पसरता आले असते.

प्रवासी किती? मी चार टाकले.

चौथ्याचं नाव?

वैतागाच्या भरात मी टाइप केलं... गुरुनाथ.

जन्मतारीख तोंडपाठ होती. त्यांचे इन्शुरन्सचे फॉर्म मीच भरायचे.

आपल्याकडे पूजेला बायको हजर नसेल तर तिच्या जागी सुपारी मांडतात. मी सुपारीच्या जागी माणूस मांडला. तेव्हा मला त्यात काहीच वाटलं नाही. उलट, सुटले असं वाटलं.

"आई, चौघं झालो!" मी इथूनच ओरडून सांगितलं. "बाबांचं नाव घातलंय. सुपारीऐवजी."

आणि मग...

टप्.

हा आवाज मी वीस वर्षं ऐकलेला आहे. बाबांचं चष्म्याचं घर. जुनं, पत्र्याचं. हातातलं काम संपलं की बाबा चष्मा त्यात ठेवायचे आणि टप् करून मिटायचे. म्हणजे, झालं.

आवाज त्यांच्या स्टडीतून आला होता. ती खोली बाबा गेल्यापासून बंद आहे. आत नुसती खोकी भरलेली आहेत.

एसीने लाकूड आकसत असेल, असं म्हणून मी मीटिंगला बसले.

त्या संध्याकाळी आई पोटभर जेवल्या. "बरं केलंस हो," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात मी तिकिटं प्रिंट करायला घेतली. जाताना प्रवासी चार. बरोबर.

येताना... दोन.

आसावरी. यतीन.

मीच धांदलीत चुकले असणार, असं वाटलं. पुन्हा आत जाऊन आईंचं नाव घातलं, बाबांचं घातलं, सेव्ह केलं.

टप्.

आणि आईंच्या खोलीतून त्यांचा आवाज आला. "हो हो... कळलं मला."

मी दारात गेले. आई पलंगावर बसून भिंतीकडे बघत होत्या.

"आई, कुणाशी बोलताय?"

"तुझ्याशी नाही," त्या म्हणाल्या. रागाने नव्हे, सहज.

शुक्रवारी दुपारी मी पुन्हा ते पान उघडलं.

येताना, दोन.

त्या दिवसाबद्दल मला नीट सांगायला हवं. मी पहाटे चारपासून जागी होते. आईंनी सकाळची गोळी थुंकून टाकली होती, मग मी चादर बदलली, मग त्यांनी वरण अळणी म्हणून वाटी ढकलली. मॅनेजरने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "आसावरी, आर यू विथ अस?" आणि समोर स्क्रीनवर प्रश्न होता. परतीचे प्रवासी दोन. बरोबर आहे का?

खोटं सांगणार नाही. ती दोन नावं बघून मला क्षणभर... हलकं वाटलं.

विमानात शेजारची सीट रिकामी. घरात गोळ्यांचा डबा नाही. सकाळी सहापर्यंत झोप.

मी 'हो' दाबलं.

नंतर फोन करून बदलू, असं स्वतःला सांगितलं. पण दाबलं.

टप्.

या वेळी आवाज स्टडीतून आला नाही. माझ्या खुर्चीच्या मागून आला. अगदी जवळून.

मी मागे बघितलं नाही. एसी बंद पडल्यासारखा गप्प झाला होता. शेजाऱ्याचं मशीनही थांबलं होतं.

सोमवारी मी बोटवाल्यांना फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगी होती. चांगलं इंग्रजी बोलत होती.

"परतीचं बुकिंग तुमच्याकडच्या गृहस्थांनीच कमी केलंय," ती म्हणाली. "ते पक्कं करायला त्यांचा फोनही आला होता. शुक्रवारी."

"कोण गृहस्थ?"

"गुरुनाथ. फार सभ्य आहेत. स्वीडिश छान बोलतात. फक्त जुन्या वळणाचं, माझे आजोबा बोलायचे तसं."

यतीनला स्वीडिशचा एक शब्द येत नाही. मला येत नाही. बाबा मात्र सहा महिन्यांत शिकलेलं शेवटपर्यंत विसरले नव्हते. दार धरणाऱ्या अनोळखी माणसालाही ते स्वीडिशमध्ये थँक यू म्हणायचे.

"परत चार करता येतील का?" मी विचारलं.

"सॉरी. त्या बोटीत आता जागा नाही."

रात्री मी यतीनला सगळं सांगितलं. म्हणजे... जवळजवळ सगळं. तो बराच वेळ नखं खात बसला. मग म्हणाला, "कॅन्सल कर. सगळंच. मी कॉन्फरन्सलाही नाही जात."

आईंना सांगायचं मला जिवावर आलं होतं. पन्नास वर्षं वाट बघितलेली गोष्ट. त्या रडतील, जेवण सोडतील, असं वाटलं होतं.

त्या फक्त म्हणाल्या, "बरं."

मग थोड्या वेळाने, "ह्यांना कळवलंस का?"

कॅन्सलेशनची मेल आली. मी ती तीनदा वाचली.

रद्द झालेली तिकिटं, दोन. आसावरी. यतीन.

"सिस्टिमचा काहीतरी लोचा असेल यार," यतीन म्हणाला आणि लॅपटॉप मिटला. त्यानंतर आम्ही दोघांनीही ते पान उघडलं नाही.

एकोणीस जून. आमच्या ट्रिपचा दिवस.

सकाळी सहाला मी उठून आले तर आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेल्या. अंगात लोकरीचा स्वेटर, पायात बूट, मांडीवर पर्स. केस नीट विंचरलेले. टेक्सासचा जून तो, इथे कुणी स्वेटर घालत नाही.

"आई, कधीपासून बसलाय?"

त्या नुसत्या हसल्या. त्यांचं असं हसू मी लग्नाच्या अल्बममध्ये पाहिलं होतं, प्रत्यक्षात कधी नाही. चहा नको म्हणाल्या. खाल्लंही नाही. खिडकीतून ड्राइव्हवेकडे बघत बसल्या. मधेच मान हलवायच्या, कुणी काही दाखवल्यासारखी.

मी काम करत होते, पण डोळा घड्याळावर होता. तिकडचे संध्याकाळचे सहा म्हणजे आपले सकाळचे अकरा. परतीची बोट.

दहा पन्नास... दहा पंचावन्न...

यतीनही ऑफिसला गेला नव्हता. दारात उभा होता.

अकरा.

टप्.

बस. एवढंच. त्यानंतर आजतागायत तो आवाज आलेला नाही.

आई उठल्या. स्वेटर काढला, व्यवस्थित घडी घातली, आणि म्हणाल्या, "चहा टाकतेस का?"

मला रडूच फुटलं. मी त्यांना मिठी मारली. आई आहेत. आई इथेच आहेत. काही झालं नाही!

फक्त त्यांचे हात गार होते. फ्रीजमधून काढलेल्या भांड्यासारखे गार. आणि त्यांनी मला जवळ घेतलं नाही. मी सोडेपर्यंत थांबल्या.

आता सप्टेंबर आहे. आई ठीक आहेत. रिपोर्ट तर आधीपेक्षा बरे आलेत, डॉक्टरांनाही नवल वाटलं. गोळ्या मुकाट्याने घेतात. पानात वाढाल ते खातात. परवा मी वरणात मीठ घालायचंच विसरले. त्यांनी वाटी स्वच्छ पुसून खाल्ली. तीन महिन्यांत त्यांनी मला एकदाही आसावरी म्हणून हाक मारलेली नाही.

"बघ, आई किती सेटल झालीय," यतीन म्हणतो.

मी आता सकाळी सहापर्यंत झोपते. मला हवं होतं ते सगळं मिळालंय. आणि मला रोज वाटतं, त्यांनी एकदा तरी वाटी ढकलावी.

गेल्या शनिवारी आम्ही देवळात निघालो होतो. यतीन ड्राइव्ह करत होता, मी शेजारी, आई मागे. गाडी गॅरेजमधून निघता निघता माझ्या लक्षात आलं. तिघं. मी धावत आत जाऊन देव्हाऱ्यातली सुपारी घेऊन आले.

"आई, ही पर्समध्ये ठेवा. राहिली होती."

त्यांनी सुपारीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मायेनेच बघितलं. रस्त्यात भेटलेल्या, कुणाच्या तरी मुलीकडे बघावं तसं.

"कशाला गं?" त्या म्हणाल्या. "दोघंच तर चाललायत तुम्ही."

यतीनचा हात गिअरवर होता, तो तसाच राहिला. आरशात मला मागची सीट दिसत होती. आई दिसत होत्या. पट्टा नीट लावलेला होता.

मग यतीन म्हणाला, "निघायचं ना?"

मी हो म्हटलं.

सुपारी अजून माझ्याकडेच आहे. आणि त्या शुक्रवारी 'हो' कुणी दाबलं, हे यतीनला मी अजून सांगितलेलं नाही.