कासविणीच्या घशातलं न हलणारं जाळं

जाळं जर कासविणीच्या घशात अडकलं असेल, तर ते हलत का नाही?

सागरी प्राण्यांच्या तरंगत्या दवाखान्यात केतकी पडद्याकडे टक लावून बघत होती. टेबलावरच्या कासविणीने कित्येक दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. टिटवी नावाच्या यंत्रमानवाने आजच आलेली अंतर्दर्शी (शरीराच्या आत डोकावणारी नळी) तिच्या घशात सोडली. नळी पेन्सिलीच्या शिसाइतकी बारीक होती. लगेच पडद्यावर काळ्या दोऱ्यांचं जाळं उमटलं. केतकीची आत्या, डॉक्टर वासंती, हिने आजवर कितीतरी कासवांच्या पोटातून मासेमारीची जाळी काढली होती. तिने बघताक्षणी निदान केलं आणि मान चिरायची तयारी करायला सांगितली. एवढी अशक्त कासवीण त्यातून वाचेल का, असं केतकीने विचारलं, तेव्हा आत्या हातमोजे चढवू लागली.

टिटवीने नळी पुढे सरकवली. कासवांच्या घशात मुळातच असणारे टोकदार काटे पडद्यावरून मागे गेले. जाळं होतं तिथेच राहिलं.

“आत्या, जाळं तिच्या घशात नाहीये. नळीत आहे.”

“शहाणे, तुझ्या वयाहून जास्त जाळी काढली आहेत मी.”

“मग नळीसमोर कापूस धरून बघ ना.”

आत्याने हसत कापूस धरला. त्यावरही तेच जाळं दिसलं आणि तिचं हसू मावळलं.

टिटवीने कारण सांगितलं. नळीत हजारो प्रकाशतंतू (प्रकाश वाहून नेणारे काचेचे धागे) एकत्र बांधलेले असतात. प्रत्येक तंतू चित्राचा एकेक ठिपका आणतो. तंतूंमधल्या फटींतून मात्र काहीच येत नाही, म्हणून तिथे काळ्या रेघा दिसतात. हे तिने आधी का सांगितलं नाही, असं आत्याने दरडावलं. कुणी विचारलं नाही, असं टिटवीचं उत्तर होतं.

रेघा आजूबाजूच्या रंगाने बुजवून टाकायची तयारी टिटवीने दाखवली. केतकीला ते पटेना. रंग बुजवला, तरी फटीआड काय लपलंय ते कसं कळणार?

“कुडाच्या फटीतून बघताना मी डोकं जरा इकडेतिकडे करते,” ती म्हणाली. “नळीचं टोकही तसंच हलव.”

टिटवीने टोक तंतूच्या निम्म्या जाडीइतकं सरकवत बरीच चित्रं टिपली. एका चित्रात जे फटीआड होतं, ते दुसऱ्यात तंतूसमोर आलं. मग तिने सगळी चित्रं बरोबर जुळवून एकत्र केली.

जाळं नाहीसं झालं. आता एकेक काटा स्वच्छ दिसत होता, आणि दोन काट्यांच्या मधे रुतलेली पारदर्शक प्लॅस्टिकची कपचीही.

आत्याने ती लांब चिमट्याने अलगद ओढून काढली. सुरीला हातही लावावा लागला नाही.

“अशा नळ्या आणखी बारीक झाल्या, की तान्ह्या बाळांच्या श्वासनळीतही नीट बघता येईल,” आत्या म्हणाली. “आणि पुढच्या वेळी आधी कापूस, मग निदान.”

संध्याकाळी केतकीने माकुळाचा (स्क्विडचा) एक तुकडा पुढे केला. कासविणीने तो जरा वेळ न्याहाळला, मटकावला आणि दुसऱ्यासाठी मान लांब केली.