यादीतलं चौथं नाव

"आता घरातला तांदूळपण माझ्या हाताला लागू देत नायत. पंधरा दिस झाले. म्हणं, वाकू नको, कंबर दुखंल. तीस वर्षं नाय दुखली ती!"

पुतळाबाई गॅसपाशी उभ्या राहून स्वतःशीच कुरकुरत होत्या. दारात चपला काढणाऱ्या उज्वलाच्या कानावर ते पडलं. चौकात कुणाचं इंटरनेट अडलं की तिला बोलावणं यायचं. नवऱ्याच्या मागे ती केबलचं काम शिडीवर चढूनच शिकली होती. शाळा तीच.

"जयभीम काकी. स्नेहल कुठाय?"

"आत बसलीया. रडून झालंय तिचं."

स्नेहल ही पुतळाबाईंची सून. नवरा रत्नदीप आठ महिन्यांपूर्वी हायवेवर मोटरसायकलच्या अपघातात गेला, तेव्हापासून ती ठाण्याच्या एका कंपनीचं काम घरातून करत होती.

"ताई, एक वाजता साहेबांचा व्हिडिओ कॉल हाय. आज तुटला तर सोमवारपासून ठाण्याला ये म्हणालेत." तिनं आवाज खाली आणला. "मग लेकीला, हर्षलाला घेऊन तिकडंच ऱ्हावं लागंल. आत्या-आबांना अजून सांगितलं नाय."

बारा वाजायला वीस मिनिटं होती.

"कधीपासून असं होतंय?"

"पंधरा दिवस."

"दिवसभर?"

"नाय. सकाळी चोख. अकराला मरतं, दोन-अडीचला आपलं आपण जिवंत होतं."

पंधरा दिवस. उज्वलानं हा आकडा आज दुसऱ्यांदा ऐकला.

तिनं वेग मोजला. शंभरची लाईन, येत होते तीन. मग स्वतःच्या जुन्या लॅपटॉपला राउटरची वायर थेट जोडून मोजला. अठ्ठ्याण्णव! म्हणजे बाहेरून येणारी लाईन ठणठणीत होती. वेग मरत होता तो घरातल्या हवेत. स्नेहलच्या कंपनीच्या लॅपटॉपला वायरीची खाचच नव्हती, नाहीतर काम तिथंच संपलं असतं.

उज्वलानं राउटरचं पान उघडलं. जोडलेल्यांची यादी आली. स्नेहलचा लॅपटॉप. स्नेहलचा मोबाईल. टीव्ही.

चौथं नाव होतं, रत्नदीप.

हायवेवरून एक ट्रेलर गेला, खिडकीची काच थरथरली. स्नेहलनं त्या नावावर बोट ठेवलं.

"हा त्यांचा फोन हाय. पण तो तर तिथंच चुराडा झाला, असं आबा बोलले होते."

"सिग्नल अगदी क्षीण दिसतोय," उज्वला म्हणाली. "राउटरशी असं अडखळत बोलणारा एक जण असला ना, की राउटर त्याच्यापाशीच अडकून बसतो. बाकीचे रांगेत. बंद करू याला? एक बटण दाबलं की झालं."

"नको!" स्नेहलनं तिचा हात घट्ट धरला. "आदी सांगा, कुठं हाय तो."

क्षीण सिग्नल म्हणजे लांबचा, हा उज्वलाचा पहिला अंदाज. मागच्या भिंतीपलीकडे जितेशचं गॅरेज. ती तिकडे गेली.

"जितेश, तुझा फोन कुणाच्या वायफायवर?"

"माझ्याच. का गं ताई, चोर धरतेस काय?"

"आणि इथं दिवसभर कोण असतं?"

"मी नि माझं ग्रीस. हां, शिळफाट्याला जाऊन आल्यापासनं आबा येतात नऊला. त्या स्विचबोर्डाखालच्या खुर्चीवर पेपर वाचतात, अकरा वाजेस्तोवर. पान उलटत नाय हो, नुसते बसतात."

बोर्डाखालच्या खुर्चीवर. उज्वला परत वळली. तिला आता आलेला दुसरा अंदाज खरा ठरायला नको होता.

आबा, म्हणजे स्नेहलचे सासरे श्रीपत, ओसरीवर बसले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"आबा, शिळफाट्याला गेला होता म्हणे?"

"गेलतो. चष्म्यासाठी. पंधरवडा झाला."

"झाला का चष्मा?"

आबांनी दोऱ्याला हात लावला.

"तुमचा फोन बघू."

त्यांनी बटणांचा छोटा फोन पुढे केला. त्याच्या बुडाला चार्जरचं बारीक गोल भोक. पण आबांच्या खिशातून लोंबणाऱ्या वायरीचं टोक चपटं होतं, मोठ्या फोनचं.

तेवढ्यात पुतळाबाई मापटं घेऊन निघाल्या. "बारा वाजले. भात टाकते."

आबा ताडकन उठले. "थांब. मी काढतो."

"बघ गं उज्वला! हेच सांगत होते."

आबा आतल्या खोलीत गेले. उज्वला स्नेहलशेजारी बसली, नजर यादीवर. आतून पत्र्याच्या कोठीचं झाकण करकरलं.

चौथ्या नावाचा सिग्नल दोनच दांड्यांवरून पाचवर चढला.

झाकण आपटलं. पुन्हा दोन.

स्नेहलनं तोंडावर पदर धरला. फोन लांब नव्हताच. तो पत्र्याआड होता, तिच्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे, रोज शिजणाऱ्या तांदळात.

आबा मापटं भरून बाहेर आले आणि तिघींचे चेहरे बघून जागच्या जागी थांबले.

"आबा, मी बोलते, चुकलं तर थांबवा," उज्वला म्हणाली. "फोनचा चुराडा झाला नव्हता. दवाखान्यातून कपड्यांबरोबर तो तुम्हीच आणलात नि लपवलात. पंधरा दिवसांपूर्वी शिळफाट्याला दुरुस्त केलात. चष्म्याचं नुसतं निमित्त. रोज जितेशकडं चार्ज करता, अकराला आणून चालूच कोठीत ठेवता. घरात आल्याबरोबर तो आपोआप वायफाय पकडतो, त्यातले फोटो-व्हिडिओ इंटरनेटवर पाठवत बसतो. पत्र्यातून धड जात नाय, म्हणून पुन्हा पुन्हा. दोन-अडीचला बॅटरी संपते, मग घर सुटतं."

"मला काय ठावं, तो वायफाय पकडतो," आबा म्हणाले. "मला वाटलं, चालू हाय तवर असूदे. बंद करायला हात धजत नाय."

"पण लपवलात का, आबा?" स्नेहलनं विचारलं.

पंचनाम्याच्या वेळी अपघात बघणाऱ्या ढाब्यावाल्यानं सांगितलं होतं, गाडी चालवताना पोराचा एक हात खिशात होता. ते तिघांनीही ऐकलं होतं. त्यानंतर त्या हाताचं नाव या घरात निघालं नव्हतं.

"ते मी सांगणार नाय," उज्वला म्हणाली. "माझं काम वायफायचं."

आबा आत गेले. फोन घेऊन आले, तांदळाचे दाणे झटकून त्यांनी तो बंद केला. हात धजत नव्हता, तरी केला.

लॅपटॉपवर वेग चढला. चाळीस. सत्तर. पंच्याण्णव.

"आता लागंल ना कॉल?" आबांनी स्नेहलला विचारलं. "ठाण्याचं मी ऐकलंय, पोरी. भिंत पातळ हाय. तुला कळलं तर तू आमाला सोडून जाशील, म्हणून लपवला. आन् त्याच्यापायीच तू चाललीस."

"मी कुठं जात नाय. बोला, आबा."

पुतळाबाईंनी गॅस बंद केला.

आबांनी दोऱ्याचा चष्मा काढून हातात घेतला.

"तो गाडीवर हाय, मला ठावं होतं. तरी मीच फोन लावला. येताना तंबाखू आण, म्हणून."