पूजेचं रिव्हॉल्व्हर

पिस्तुलाने याही वेळी नकार दिला. मुठीवरचा बारीक दिवा लाल तो लालच राहिला. डॉ. इंदुमती खराडे यांनी ते चाचणीच्या टेबलावर आपटलं आणि त्या खुर्चीत बसल्या.

"बिघाड आहे का?" सबनीसांनी विचारलं. शस्त्र-नियमन समितीचे हे अध्यक्ष मुंबईहून कोल्हापूरच्या प्रयोगशाळेची पाहणी करायला आले होते, आणि पाहणीपेक्षा त्यांचं लक्ष घड्याळाकडे जास्त होतं.

"बिघाड असता तर बरं झालं असतं. चोख चालतंय, हेच तर दुखणं आहे," बाई म्हणाल्या. "मुजावर, तुम्हीच सांगा. माझं डोकं ठिकाणावर नाही."

डॉ. फारूक मुजावर शरीरशास्त्राचे जाणकार. इंदुमतीबाईंनी आणि त्यांनी मिळूनच पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे धीरकुलूप जन्माला घातलं होतं. त्यांनी पिस्तूल उचललं तसा दिवा हिरवा झाला. समोरच्या वाळूच्या पोत्यात गोळी घुसली.

"मूठ धरली की हे कुलूप नाडी, घाम आणि हाताची थरथर मोजतं," मुजावर म्हणाले. "माणूस रागाने पेटलेला असेल किंवा घाबरलेला असेल, तर चाप अडकून राहतो. मन थाऱ्यावर असेल तरच सुटतो. मी आत्ता निवांत आहे, म्हणून सुटला. ताईंच्या जिवाला धोका आहे, म्हणून त्यांच्या हातात सुटत नाही."

"आणि त्यामुळेच खून निम्म्यावर आले," सबनीस समाधानाने म्हणाले. "बांधावरची भांडणं, दारूच्या भरातल्या गोळ्या, सगळं बंद. देशातल्या एकूण एक बंदुकीला तुमचं कुलूप आहे, खराडेबाई. अभिमान वाटायला हवा तुम्हाला."

"वाटायचा. पण उरलेले निम्मे कोण मारतं, ते बघितलंत का तुम्ही? सुपारी घेऊन मारणारे. त्यांना कसला राग आणि कसली भीती? त्यांच्या हातात दिवा हिरवागार. आणि ज्याच्या दारात ते उभे राहतात त्याची बोबडी वळलेली, म्हणून त्याचं पिस्तूल मुकं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीय आपण."

"गावातले सुपारीवाले हल्ली प्राणायाम शिकतात, साहेब," मुजावर म्हणाले. "माझ्या बायकोच्या वर्गात एक होता. शवासन फार छान करायचा म्हणे."

सबनीस हसले नाहीत. त्यांनी बाईंचा अर्ज पुढे ओढला. ज्याच्यावर हल्ला होतोय त्याच्या भीतीला कुलपाने सूट द्यावी, एवढीच मागणी त्यात होती. हा अर्ज बाई तिसऱ्यांदा करत होत्या.

"सूट दिली तर उद्या प्रत्येक खुनी म्हणेल, मी घाबरलो होतो. कुलपाला कसं कळणार कोण खरं घाबरलंय ते?" त्यांनी अर्ज परत सरकवला. "तुम्हीही प्राणायाम करून बघा."

"केला. चांगला महिनाभर नाकपुड्या दाबल्या. डोळे मिटले की काळगे दिसतो."

अण्णा काळगे म्हणजे नदीकाठचा वाळूचा ठेकेदार. त्याच्या पोराने एका तलाठ्याला गोळी घातली होती. गोळी सुटताना कुलपाच्या स्मृतीत नोंदलेली नाडी त्या पोराचीच आहे, हे इंदुमतीबाईंनी कोर्टात सिद्ध करून दिलं आणि पोरगा जन्मठेपेवर गेला. त्यानंतर आठवड्याभरात बाईंच्या दाराच्या कडीला कुणीतरी कफनाचं पांढरं कापड बांधून गेलं. पोलिसांनी एक शिपाई दिला. तोही मंत्र्यांच्या दौऱ्याला म्हणून उचलला तो परत आलाच नाही. बाई रोज फोन करत, पलीकडून रोज "बघतो मॅडम" येई. असल्या बघण्याने कुणाचं भलं झालंय?

शेवटी बाईंनी देवघरातलं रिव्हॉल्व्हर काढलं.

पणजोबांना कुठल्याशा संस्थानिकाने दिलेलं ते विलायती रिव्हॉल्व्हर वर्षातून एकदा, खंडेनवमीला, पाटावर यायचं. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, नमस्कार, की पुन्हा कापडात. कुलपाचा कायदा झाला तेव्हा कोल्हापूर-साताऱ्याकडच्या घरांनी ओरडा केला होता, की पूजेच्या शस्त्रांना भोकं पाडून कुलपं बसवणार का? सरकारने माघार घेतली. पूजेचं शस्त्र कुलपाविना ठेवायला, बाळगायलाही परवानगी मिळाली. अट एकच, ते रिकामं असलं पाहिजे. भरलेलं सापडलं तर तीन वर्षं सक्तमजुरी आणि सरकारी पद गेलं म्हणून समजा.

"पण त्याला काडतुसं कुठून आणणार?" मुजावरांनी विचारलं. "या मापाची काडतुसं बनायची बंद होऊन जमाना झाला."

"विचारलं सगळीकडे. दुकानदाराने हात जोडले. इचलकरंजीचा एक लेथवाला पितळी नळकांडी करून द्यायला तयार आहे, पण आत भरायची दारू कोण देणार?"

"मग रिकामं लोखंड घेऊन काय करणार तुम्ही?"

"माहीत नाही हो मला," बाई वैतागून म्हणाल्या. "घाबरलेल्या हाताला नाही म्हणत नाही, असं एवढं एकच हत्यार उरलंय माझ्याकडे. आपलंच शहाणपण आपल्याला नडलं, मुजावर. निदान काहीतरी जवळ असू दे."

तेव्हापासून ते धूड त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत असे, डब्याच्या आणि छत्रीच्या मध्ये. खांदा भरून यायचा. बाजारात मेथीच्या जुडीखाली हात गेला की लोखंड लागायचं आणि बाईंना स्वतःचीच चीड यायची. साठीच्या बाईने खेळण्यातली बंदूक घेऊन हिंडावं तसं हे झालंय, असं त्यांना वाटायचं.

काळगेचा माणूस आला तो भर दुपारी. प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यात दिगंबर नावाचा तो चाळिशीचा गृहस्थ भिंतीला टेकून उभा होता. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. बाईंना बघून त्याने एक दीर्घ श्वास घेतला, सावकाश सोडला आणि पिस्तूल काढलं. दिवा हिरवा होता.

"पाठ करा बाई. त्रास होणार नाही," तो अगदी आपुलकीने म्हणाला.

 बाईंचा हात आपोआप पिशवीत गेला आणि रिव्हॉल्व्हर घेऊन बाहेर आला. दोन्ही हातांनी धरलं तरी त्याची नळी डावी-उजवी हलत होती. नळीच्या तोंडाशी खंडेनवमीची हळद अजून चिकटलेली होती.

दिगंबर बघत राहिला. "पूजेचं आहे ते. रिकामं असतं."

"असायला हवं," बाई म्हणाल्या. "याला कुलूप नाही. माझा हात बघ कसा कापतोय. हे कापत्या हातानेही सुटतं." आणि अंगठ्याने त्यांनी घोडा मागे ओढला. तो एवढ्या मोठ्याने वाजला की आवाज जिन्यात घुमला.

पंधरा वर्षांत दिगंबरवर कुणी हत्यार रोखलं नव्हतं. रोखणार कोण? त्याच्यासमोर येणाऱ्या प्रत्येकाचं पिस्तूल मुकंच असायचं. हे रिकामं असेल, नसेलही. त्याने पुन्हा दीर्घ श्वास घ्यायला सुरुवात केली, पण तो मध्येच अडकला. कपाळावरचं गंध ओघळलं. त्याने चाप दाबला. काहीच झालं नाही. त्याने खाली पाहिलं तर दिवा लाल होता.

आवाज ऐकून मुजावर दोन पहारेकऱ्यांना घेऊन धावले, तेव्हा दिगंबर लाल दिव्याच्या पिस्तुलाचा चाप पुन्हा पुन्हा दाबत उभा होता.

पोलिसांनी त्याच्या पिस्तुलाचा रीतसर पंचनामा केला. रिव्हॉल्व्हरवरची हळद पाहून हवालदाराने त्याला नमस्कार केला आणि ते बाईंच्या पिशवीत अदबीने परत ठेवून दिलं. पूजेच्या शस्त्राला कोण कशाला उघडून बघतंय?

महिन्याभराने समितीची खुली सुनावणी कोल्हापुरात झाली. दालन गच्च भरलं होतं. मागच्या रांगेत पांढऱ्या कपड्यांत अण्णा काळगे बसला होता. सुपारी त्यानेच दिली, हे दिगंबरने कबूल केलं नव्हतं.

सबनीस भलतेच खुशीत होते. "म्हणजे कुलूप दोन्ही बाजूंनी काम करतं, हेच सिद्ध झालं. मारेकरी घाबरला आणि कुलपाने तुम्हाला वाचवलं. तेव्हा सूट देण्याचा प्रश्न निकालात निघाला. खराडेबाई, नोंदीपुरतं विचारतो, तुमचं रिव्हॉल्व्हर रिकामं होतं ना? हो म्हणा, म्हणजे विषय संपला."

"हो म्हणा, ताई," शेजारून मुजावर हळूच म्हणाले.

इंदुमतीबाईंना रडावंसं वाटलं. तीन अर्ज करूनही ज्यांनी एक धड ओळ ऐकून घेतली नाही, ते आज एवढ्या प्रेमाने एकच शब्द मागत होते. तो शब्द खराही होता. पण रिकामं होतं म्हटलं की काळगेचा पुढचा माणूस निवांत येणार. त्याचा श्वास अडकणार नाही, त्याचा दिवा हिरवाच राहणार. आणि एकट्या त्यांच्याच दारात नव्हे. गावात ज्याच्या त्याच्या घरी असली जुनी लोखंडं होती, ती सगळी त्या एका शब्दाने लोखंडंच ठरणार. मारेकऱ्याला अडवतं ते काडतूस नव्हतंच. त्याला अडवत होती शंका, आणि ती पुसून टाका असं अध्यक्ष हसतमुखाने सांगत होते.

भरलेलं होतं म्हटलं तर तीन वर्षं. प्रयोगशाळा गेली, समितीसमोर उभं राहण्याचा हक्क गेला, कुलूप दुरुस्त करण्याची उरलीसुरली आशाही गेली. पण मुजावरांशिवाय आतली गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती.

"नव्हतं," बाई म्हणाल्या.

सबनीसांची लेखणी थांबली. "काय नव्हतं?"

"रिकामं नव्हतं. सहाही घरं भरलेली होती. काडतुसं मी करवून घेतली. कुणाकडून ते सांगणार नाही, पण करून मिळतात."

मुजावरांनी कपाळाला हात लावला, पण ते काही बोलले नाहीत. सबनीस कायद्याचं कलम वाचू लागले. दारातली महिला पोलीस पुढे आली आणि बाईंनी मुकाट्याने हात पुढे केले. दालनात कुजबूज सुरू झाली.

मागच्या रांगेत काळगेच्या शेजारी एक म्हातारी बसली होती. तिने मांडीवरची कापडी पिशवी जरा पोटाशी घेतली. काळगेने त्या पिशवीकडे पाहिलं, मग म्हातारीकडे पाहिलं, आणि तो एक खुर्ची सोडून बसला.