कोऱ्या काचेवरचा अंगठा

थोरलीची एक खोड प्रयोगशाळेत सगळ्यांना पाठ होती. डाव्या हातात हातमोजा म्हणून घालायची नाही, आणि काचपट्टी उचलायची ती नेमका कोपऱ्यात अंगठा टेकवून. सांगून सांगून सगळ्यांनी हात टेकले. तिला जाऊन वर्ष झालं होतं. तिचं अर्धवट राहिलेलं काम आता धाकटी बहीण पुरं करत होती.

काम ऐकायला सोपं. जिवाणूंकडून निळा रंग बनवणारं एन्झाइम तयार करून घ्यायचं आणि त्याला काचेला धरून बसणारी एक शेपटी जोडायची. मग काच तीनदा धुतली तरी ते जागचं हलत नाही, वर द्रावण ओतलं की निळा थर चढतो. बिनशेपटीचं एन्झाइम मात्र धुण्यात वाहून जायला हवं, काच कोरी राहायला हवी. नाही राहिली, तर शेपटीमुळेच रंग टिकतो हे सिद्धच होणार नाही, आणि थोरलीच्या सहा वर्षांवर पाणी फिरणार. पाहणी शुक्रवारी होती.

सोमवारी बिनशेपटीच्या काचेवर, कोपऱ्यात, निळा डाग उमटला.

"मामा, काचांना हात लावलात का हो?" तिने जुन्या मदतनिसाला विचारलं.

"माझी काय बिशाद! थोरली स्वतः उघड्या हाताने उचलायची, आणि मी जवळून गेलो तरी खेकसायची."

मंगळवारी तिने नवं सीलबंद खोकं फोडलं. तोच डाग, तोच कोपरा. भिंगाखाली धरला तर अंगठ्याच्या रेषा दिसल्या, आणि त्यांना तिरकी छेदून गेलेली व्रणाची रेघ.

मामांनी भिंगातून पाहिलं आणि ती रेघ लगेच ओळखली. "काच लागली होती तिला. पट्टी मीच बांधली होती."

धाकटी घाबरली, नाही असं नाही. पण कुतूहल काही तिला स्वस्थ बसू देईना. बुधवारी तिने बिनशेपटीच्या बारा काचा लावल्या, सगळ्या चिमट्याने उचलून.

बाराही काचांवर अंगठा.

गुरुवारी ती अगदी रडकुंडीला आली. "ताई, उद्या दाखवायचंय गं. तुझंच काम आहे. काचेला नको ना धरून बसूस."

शुक्रवारी शेपटीच्या काचा निळ्या झाल्या, बिनशेपटीच्या लख्ख कोऱ्या निघाल्या. पाहणीला आलेल्या बाईंनी एकेक उजेडात धरून बघितली, आणि अहवालात थोरलीचं नाव पहिलं घाला म्हणाल्या. धाकटीला रडू आवरेना.

सगळे गेल्यावर तिने हातमोजे काढले. नवे होते, सकाळीच घातलेले.

डावा अंगठा निळा होता.

तिने तो साबणाने धुतला. तीनदा.

रंग जागचा हलला नाही. त्या निळ्यात एक तिरकी, जुनी व्रणाची रेघ होती. तिथे तिला कधीच काही लागलेलं नव्हतं.