कॅलाबारची पाहुणी

बॉथेलमध्ये नदीला लागून एक बैठा हॉल आहे. ऐंशी खुर्च्या, भिंतभर पडदा, मागे छोटं स्वयंपाकघर आणि पाण्याकडे उघडणाऱ्या चार खिडक्या. आसपासच्या कंपन्या तिथे मीटिंगा घेतात, कधी ट्रेनिंग असतं, कधी कुणाच्या निवृत्तीचं जेवण. हॉलचं लीज ईशानच्या नावावर, पण हॉल चालवते त्याची आई, अहिल्या. नवरा गेल्यावर ती कराडहून सातासमुद्रापार इथे आली, वर्षभर मुलाच्या घरी टीव्हीसमोर बसून काढलं आणि एक दिवस म्हणाली, मला काम दे नाहीतर परतीचं तिकीट दे. ईशानने हॉल घेतला. त्याला सहा वर्षं झाली.

एका औषधाच्या कंपनीची मीटिंग दर पंधरा दिवसांनी मंगळवारी असायची. कंपनीची अर्धी माणसं इथली, अर्धी नायजेरियातल्या कॅलाबार गावची. तेही नदीकाठचं गाव. तिथला हॉल अरित नावाची बाई चालवायची. इथे सकाळचे आठ वाजले की तिथे संध्याकाळचे पाच. माणसं यायच्या आधी अर्धा तास दोघी पडदा आणि माइक तपासून घ्यायच्या. अहिल्येचं इंग्रजी तुटकं, अरितचं भरभर, पण धंदा एकच असल्यामुळे अडायचं नाही. तुमच्याकडे वीज गेली का, आमच्याकडे कॉफी संपली, पाहुणे वेळेवर येत नाहीत ते नाहीतच. अरित तिला ममा म्हणायची. अरितच्या मागे पाच रांगा खुर्च्या आणि काचेपलीकडे रुंद, मातकट पाणी दिसायचं.

संक्रांत नुकतीच झाली होती. कंपनीतल्या चार-पाच मराठी बायकांना अहिल्या कॉफीच्या टेबलापाशी तिळगूळ देत होती आणि हळदीकुंकू लावत होती. शेजारच्या सुनेत्राकाकू कधी कधी मदतीला यायच्या. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, तुम्ही कशाला? सुनेला बोलवायचं ना."

"करंडा माझा, बोट माझं," अहिल्या म्हणाली. "तुम्हाला नको असेल तर कॉफी घ्या."

सुनेत्राकाकूंनी कॉफी घेतली. अहिल्येला याची सवय होती. नवरा गेला त्या साली गल्लीतल्या एकाही घरातून तिला बोलावणं आलं नव्हतं. दार उघडं ठेवून ती सबंध संध्याकाळ बसली होती.

करंडा हातात तसाच धरून ती पडद्याकडे वळली आणि तेव्हा तिला ती बाई दिसली. कॅलाबारच्या हॉलमध्ये, अगदी मागच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. करड्या रंगाचं लुगडं, डोक्यावरून पदर, हात मांडीवर. कपाळ मोकळं. तिथे कुणी मराठी बाई आहे याचं अहिल्येला नवल वाटलं, पण त्याहून तिचं ते कडेला बसणं ओळखीचं वाटलं. माइक चालू होता. आपण दारात भेटलेल्या बाईला जसं सहज म्हणतो, तसं ती म्हणून गेली, "ताई, तुम्हीपण या हो हळदीकुंकवाला. मी लावीन तुम्हाला."

बाईने मान वर केली. एवढ्या लांबून चेहरा नीट दिसला नाही.

मीटिंग संपल्यावर अहिल्येने अरितला विचारलं, ती लुगड्यातली बाई कोण. अरित म्हणाली, मागची रांग आज रिकामीच होती, ममा. मी स्वतः खुर्च्या मोजल्यात.

फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी ती बाई तिसऱ्या रांगेत होती. त्यानंतरच्या मीटिंगला पहिल्या रांगेत, अरितच्या खांद्याच्या मागे. आता लुगड्याचा काठ दिसत होता, गुडघ्यांपर्यंत ओला. अरित हसून माइकला फुंकर मारत होती, तिच्या मागे ती बाई नजर न हलवता अहिल्येकडे पाहत होती. अहिल्येने त्या दिवशी पडद्यासमोरून हलायचं नाही असं ठरवलं आणि मीटिंग संपेपर्यंत उभी राहिली. दोघींपैकी कुणाची पापणी लवली असेल तर ती अहिल्येचीच.

रात्रीच्या जेवणाला तिने ईशानला सगळं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटत नव्हतं. ईशानने आधी कॅमेऱ्याला दोष दिला, मग नेटवर्कला. मग त्याने चमचा खाली ठेवला. म्हणाला, लीज मार्चमध्ये संपतंय, यंदा रिन्यू नको करायला. तू थकलीयस. त्याचा सूर मऊ होता, पण हा सूर तिला ठाऊक होता. याच सुरात घरातल्यांनी तिला एकेका कामातून बाजूला केलं होतं.

"आई, निदान पुढची मीटिंग कॅन्सल करू," तो म्हणाला. "दुसऱ्या कुठल्या हॉलमध्ये घेऊ दे त्यांना."

"बोलावलेल्या बाईला दार लावून घेऊ?"

"अगं, तिथे कुणी नाहीये."

"नसेल तर भ्यायचं कशाला? आणि असेल तर ती माझ्या शब्दावर निघालीय. मी माघारी घेणार नाही."

 शेवटी ईशान म्हणाला, मंगळवारी मी येतो. माझ्या डोळ्यांनी बघतो. काही दिसलं नाही तर त्याच दिवशी किल्ल्या माझ्याकडे द्यायच्या. अहिल्येने मान्य केलं.

मार्चचा पहिला मंगळवार. बाहेर गारठा होता, खिडक्यांच्या काचांवर धुकं. ईशान लॅपटॉप घेऊन दाराजवळ बसला. अहिल्येने ऐंशी खुर्च्या मांडल्या आणि पडद्याजवळ, स्वतःच्या मागे, एक्याऐंशीवी ठेवली. साडेसातला पडदा उजळला.

कॅलाबारच्या पाचही रांगा रिकाम्या होत्या. एकेक खुर्ची तिने नजरेने तपासली.

अरित हसत समोर आली. तिने तोंड उघडलं आणि हसू तसंच राहिलं. ती अहिल्येकडे पाहत नव्हती. अहिल्येच्या खांद्यावरून मागे पाहत होती.

"ममा," ती हळू आवाजात म्हणाली, "आज तुमच्याकडे पाहुणी आहे, हे सांगितलं नाहीत."

अहिल्या लगेच वळली नाही. हॉलमध्ये वास येऊ लागला होता. ऊन खाल्लेल्या चिखलाचा, उबदार पाण्याचा. बॉथेलच्या नदीला मार्चमध्ये असा वास नसतो.

ईशान टाइप करायचा थांबला.

अहिल्येने टेबलावरचा पेला भरला. मग वळली. खुर्ची रिकामी होती.

"आलात," ती म्हणाली. "बरं केलंत. आधी पाणी घ्या."

पेला तिने खुर्चीपुढे धरला आणि मग खाली ठेवला. करंडा उघडला. कुंकवात बोट बुडवलं.

"आई," ईशान म्हणाला. "आई, बस कर."

तिने हात पुढे नेला. बसलेल्या माणसाचं कपाळ असावं तितक्या उंचीवर बोट थांबलं.

ते हवेत थांबलं नव्हतं.

थंड होतं. ओलसर. आणि तिच्या बोटाखाली किंचित झुकलं, जशा झुकतात बायका कुंकू लावून घेताना.

बोट मागे घेतलं तेव्हा त्यावर कुंकू नव्हतं.

ईशान उभा राहिला होता. त्याची नजर खुर्चीवरून हलत नव्हती.

आठ वाजता माणसं आली. हॉल भरला, चारजण उभे राहिले, पण त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. एक उंच गोरा गृहस्थ तिच्यापर्यंत आला, "सॉरी" म्हणाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मीटिंग नीट पार पडली.

दुपारी हॉल आवरून दोघं पार्किंगमध्ये आले. पाऊस भुरभुरत होता. अहिल्या पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावला, पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि काच खाली करून त्याच्यासमोर धरला. माग आता, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

ईशानने किल्ल्या घेतल्या नाहीत. "लीजवर उद्या सही करतो," तो म्हणाला.

"कर."

तो वळसा घालून आपल्या बाजूला यायला हवा होता. त्याऐवजी त्याने मागचं दार उघडलं. उघडं धरून, मान खाली घालून, पावसात तसाच उभा राहिला. वयस्कर माणसाला आत बसायला लागतो तेवढा वेळ. मग वाकला, दाराच्या कडेशी लोंबणारं ओलं काहीतरी हाताने हलकेच आत सारलं आणि दार अलगद लावलं.