चाळीस पावलांचं अंतर

आमच्या सेहेचाळीस वर्षांच्या संसारात खरं भांडण एकच झालं, आणि तेही एका बटणावरून. सोनं शोधायच्या मशीनवर ते असतं. एका बाजूला ऑटो, दुसऱ्या बाजूला मॅन्युअल. मी ऑटोवाली, माझा नवरा क्लेम मॅन्युअलवाला. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या डनॉलीत अर्ध्या गावाला हे भांडण पाठ होतं.

मशीन कानात सतत बारीक घूं करत असतं. दांड्याच्या टोकाला असलेल्या तबकडीखाली धातू आला की तो घूं हलतो. पण आमच्याकडची लाल माती स्वतःच कुरकुरी. मॅन्युअलवर त्या कुरकुरीशी आपण जुळवून घ्यायचं. माती बदलली की थांबायचं, तबकडी खालीवर करायची, कान देऊन बटण फिरवायचं आणि पुन्हा चालायला लागायचं. ऑटोवर हे सगळं मशीन आपणहून करतं. मी तीस वर्षं औषधांच्या दुकानात काढली. जे काम यंत्र बिनचूक करतं ते हातानं करण्यात मला कधी पुरुषार्थ दिसला नाही.

"ऑटो जमीन साफ करत नाही गं," क्लेम म्हणायचा. "फक्त तुला सांगायचं बंद करतं."

त्याचं म्हणणं असं, की एखादा बारीक आवाज सारखा येत राहिला की ऑटोला तोही मातीचाच वाटतो आणि ते त्याला गिळून टाकतं. मी चहात साखर घालायला लागले की हा सुरू. "घाल, घाल. ऑटोवरचा चहा." स्वतः जन्मभर कोरा, बिनसाखरेचा प्यायला.

दोन मशिनं जवळ आली की एकमेकांच्या कानात बडबडतात. म्हणून आमच्यात चाळीस पावलांचा करार होता. माझं जुनं मशीन साधं होतं तेव्हा चाळीसच्या आत आलो की क्लेमच्या हाताचा झोका मला कानात ऐकू यायचा. त्याचा उजवा खांदा एकदा निखळला होता, त्यामुळे त्याची तबकडी डावीकडे लांब जायची आणि उजवीकडे आखूड. दोघांच्याही कमरेला कुत्र्याच्या साखळीचा तुकडा असायचा, म्हणजे मागे धुळीत रेघ उमटते आणि कुठली पट्टी धुंडाळून झाली ते कळतं. घरी निघायची वेळ झाली की तो माझ्यापुढे चार पावलं जाऊन, पाठ करून थांबायचा. हाक नाही, काही नाही. मला त्या पाठीचा राग यायचा, आणि ती दिसली की बरंही वाटायचं.

फेब्रुवारीत क्लेमला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एप्रिलपर्यंत तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला लागला, पण आमची लेक केरिन बेंडिगोहून आली की दारातच डोळे पुसायची. "आई, बाबा आत नाहीयेत गं आता." डॉक्टरांनी सरळ सांगितलं, वजन साठ किलोच्या खाली गेलं तर घरी ठेवता येणार नाही, शुश्रूषागृहात हलवावं लागेल. तेव्हा काटा चौसष्ट दाखवत होता. मला एवढंच हवं होतं, की तो माझ्या खिडकीशी बसलेला असावा.

मंगळवारी आणि शुक्रवारी शेरिल यायची, त्याची देखभाल करायला. तिनंच मला बाहेर हाकललं.

"जा बाई, जरा माती उकर. तू दिवसभर त्याच्या तोंडाकडे बघतेस, तोही कंटाळला असेल."

मी माझं मशीन घेतलं. क्लेमचं मशीन आणि त्याची साखळी धुण्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेली होती. बॅटरी मी केव्हाच काढून ठेवली होती.

पांढऱ्या गारगोट्यांच्या घळीत वारा नव्हता. आयर्नबार्कच्या काळ्या बुंध्यांमधून ऊन सरळ खाली येत होतं. क्लेमला बरं वाटेल म्हणून, जणू तो बघतच होता, मी आयुष्यात पहिल्यांदा बटण मॅन्युअलवर सरकवलं. माती जुळवायला पंधरा मिनिटं गेली. मग घूं स्थिरावला.

आणि हलायला लागला. लांब, आखूड. लांब, आखूड.

जवळ कुणीतरी मशीन चालवतंय, असं मला वाटलं. मी चढावर जाऊन पाहिलं. रस्त्यावर फक्त माझीच गाडी होती. फोन बंद केला. हेडफोनची वायर तपासली. तबकडी जमिनीवर ठेवून हात काढून घेतला, तरी तेच. बटण ऑटोवर नेलं, तर आवाज स्वच्छ झाला. परत मॅन्युअलवर आणलं आणि ते होतं, मघाच्याच लयीत.

घरी शेरिल वैतागली होती. "एक घास नाही गिळला. आणि हे बघ काय चाललंय साडेदहापासून."

क्लेमचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर सरकत होता. डावीकडे लांब, उजवीकडे आखूड.

शुक्रवारी मी वेळा टिपायला वही घेऊन गेले. अकरा वीसला कानातली लय थांबली. मग दोन छोटे झोके. खाली काही लागलं की क्लेम नेमकं हेच करायचा, एकदा उभं, एकदा आडवं. आवाज जिथे सगळ्यात मोठा होता तिथे मी कुदळ मारली. वीतभर खाली वाटाण्याएवढा सोन्याचा खडा निघाला.

मी तिथेच मातीत बसून हसले. मोठ्यानं म्हणाले, "बरं बाबा, तू जिंकलास." फेब्रुवारीनंतर मी पहिल्यांदाच हसत होते.

"अकरा वीसला हात थांबला होता त्याचा," शेरिल म्हणाली. मी विचारलं म्हणून सांगितलं तिनं. "मग असं केलं, एकदा उभं, एकदा आडवं. आणि हसला की गं. पण कस्टर्ड गालातच राहिलं. डोळे उघडे, पण मी समोर उभी असून नसल्यासारखी."

त्या दिवशी वजन बासष्ट भरलं.

मी जात राहिले. मला लाज वाटते, पण जात राहिले. दर वेळी लय मोठी होत होती, म्हणजे तो जवळ येत होता. तीस पावलं, वीस, दहा. मी त्याच्याशी बोलायचे, केरिनबद्दल, शेजारच्या कोंबड्यांबद्दल. आणि घरी परतले की खुर्चीत कालच्यापेक्षा कमी माणूस असायचा. एकसष्ट. साडेसाठ.

औषधांच्या दुकानात जन्म घालवलेल्या बाईला एवढं कळायला हवं होतं.

शेवटच्या मंगळवारी मी मॅन्युअलवर उभी राहिले. आवाज इतका मोठा होता की हेडफोन कानावर धरवेना. तो हाताच्या अंतरावर असणार.

"क्लेम, घरी जा," मी म्हणाले. "मला तू घरी हवा आहेस. मी निघालेच मागून."

आणि बटण ऑटोवर सरकवलं.

घूं स्वच्छ झाला. मी थोडी रडले.

घरी शेरिलनं मला ओट्यावरचा रिकामा वाडगा दाखवला. क्लेमनं सगळं सूप संपवलं होतं. हात मांडीवर शांत होता. मी आत आल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं. महिन्याभरात तो पासष्टवर गेला. केरिन येऊन गेली, तिच्याशी तो दोन शब्द बोलला. ती माझ्या गळ्यात पडून रडली. देवानं आपलं ऐकलं असंच मी समजत होते.

मग काल, दीड महिन्यानंतर, मी पुन्हा त्या घळीत गेले. बटण ऑटोवरच. स्वच्छ आवाज. तासभर काही लागलं नाही, तेव्हा पट्ट्या नीट पडल्यात का ते बघायला मागे वळले.

धुळीत रेघा दोन होत्या.

एक माझी. दुसरी तिच्यापासून वीतभर अंतरावर, घळीच्या तोंडापासून माझ्याबरोबर आलेली. मी जिथे झाडाला वळसा घातला तिथे तीही वळली होती. पावलांचे ठसे मात्र माझ्या एकटीचेच.

मी घरी फोन लावला.

"क्लेम कुठाय?"

"इथेच, माझ्यासमोर," शेरिल म्हणाली. "मजेत चहा पितोय. का गं?"

"साखळी? धुण्याच्या खोलीतली?"

ती उठून जाऊन आली. "आहे की खिळ्याला. धूळ बसलीय तिच्यावर." मग हसली. "ग्लेनिस, तू तर म्हणाली होतीस हा चहा बिनसाखरेचाच पितो. हा तिसरा चमचा मागतोय बघ."

मी पुढे पाहिलं. माझी रेघ माझ्या टाचेशी संपली होती. दुसरी माझ्यापुढे चार पावलं जाऊन थांबली होती.